उंटाला पिल्लू हवं

“कोणी विचारलं तर सांग, मुद्दाम केलंय.”

अडतीस वर्षं झाली, पण मिस्त्रींचा तो आवाज वेल्डरकाकांच्या कानात अजून तसाच होता, लोखंडावर कानस घासावी तसा खरखरीत. मिस्त्री गेले, त्यांचं वर्कशॉप गेलं, वर्कशॉपच्या जागी चष्म्यांचं दुकान आलं. आवाज तेवढा कुठे गेला नाही.

त्या सकाळी बागेत नवी घसरगुंडी उभी होती. वीस वर्षांच्या पोरानं, म्हणजे तेव्हाच्या वेल्डरकाकांनी, आदल्या दिवशी तिचा पत्रा जोडला होता, आणि जिथे उतार कसा नितळ, पाणी ओतलं तर न अडखळता वाहून जाईल असा हवा, तिथे मधोमध चार बोटं उंचीचं टेंगूळ आलं होतं. मिस्त्रींनी त्यावरून दोनदा हात फिरवला.

“फुगला,” पोरगा रडवेला होऊन म्हणाला.

“ते दिसतंय मला. मीही पत्रेच जोडत आलोय, गोधड्या नाही शिवत. आता पत्रा तापला तो तापला, तू तापू नकोस. पोरं फाटकात आलीत.” आणि मग ते वाक्य.

फाटक उघडलं. पहिलं पोर शिडीवरून वर चढलं, सुटलं, टेंगळावर आलं आणि चक्क हवेत उचललं गेलं. तोंड उघडं, हात पसरलेले, पोट कुठेतरी वरच राहिलेलं. मग धप्पकन पत्र्यावर आलं, सरसरत खाली पोचलं आणि वाळूत बसून राहिलं. पोरानं मागे वळून घसरगुंडीकडे पाहिलं आणि म्हणालं, “परत.”

दुपारपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. संध्याकाळपर्यंत घसरगुंडीचं नाव ‘उंट’ पडलं. आठवडाभरात तिचं गाणंही झालं. कोणी केलं ते कोणालाच ठाऊक नाही, अशी गाणी गवतासारखी उगवतात:

चढ चढ शिडी, धर धर कठडा,
मधे बसलाय उंट वाकडा,
उंटानं मारली पाठीनं ढुशी,
पोट राहिलं ढगापाशी.

बाग केवढीशी, चार चादरी वाळत घातल्या तर झाकली जाईल एवढी. पण तिच्यामुळे सगळ्या गल्लीला पत्ता मिळाला. ‘उंटाच्या बागेसमोर, दुसरा जिना.’ नव्यानं आलेला प्रत्येक पोस्टमन पहिला दिवस उंट शोधण्यात घालवायचा. आणि तो वीस वर्षांचा पोरगा आधी उंटवाला झाला, मग उंटवाले काका, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी उंटवाले आजोबा.

“कसं सुचलं हो तुम्हाला?” लोक विचारायचे.

पहिल्यांदा “मुद्दाम केलंय” म्हणताना त्यांची जीभ अडखळली होती. दहाव्यांदा ते म्हणाले, “थोडं डोकं लावलं.” तीन वर्षांत ते हातांनी हवेत उतार काढून दाखवायला लागले. इथे मुलाचा वेग असा असतो, वजन असं सरकतं, म्हणून कुबड नेमकं इथे. ऐकणारे माना डोलवायचे. खोटं असं रोज थोडं थोडं पॉलिश केलं की त्यात आपलाच चेहरा दिसायला लागतो, आणि तो बरा दिसतो.

या वर्षी बाग नव्यानं करायची ठरलं. पालिकेकडून एक बाई आल्या. खांद्याला नकाशांची लांब नळकांडी, पायात चिखलाचे बूट, आणि बोलण्यात ‘आधी तुम्ही सांगा’. गल्लीनं त्यांचं नाव नकाशाबाई ठेवलं.

“तुम्ही सांगितल्याशिवाय इथे एक वीटही हलणार नाही,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

“सांगितल्यावरही हलत नाही, हा आमचा अनुभव,” निवृत्त हेडमास्तर म्हणाले. बागेच्या समितीचे ते अध्यक्ष होते. समिती म्हणजे ते आणि त्यांची छत्री.

नकाशाबाईंनी दोन झाडांमध्ये दोरी बांधली. ज्याला जे हवं ते त्यानं चिठ्ठीवर लिहायचं आणि कपड्यांच्या चिमट्यानं दोरीला लावायचं. मग प्रत्येकाला तीन चिमटे मिळणार. जी चिठ्ठी आवडेल तिला आपला चिमटा लावायचा. जिला जास्त चिमटे, ते काम पहिलं.

दोन दिवसांत दोरी भरली. ‘बाकांना पाठ हवी, आमची संपली.’ ‘एक झाड असं हवं की त्यावर चढलं तर कोणी ओरडणार नाही.’ त्याखाली छत्रीच्या टोकासारख्या अक्षरात: ‘ओरडणारच.’ ‘मोठ्या मुलांना झोपाळ्यावर बंदी करा.’ तिच्या शेजारीच: ‘छोट्या मुलांना तक्रारीवर बंदी करा.’ ‘कुत्र्यांना वेगळं फाटक हवं,’ आणि वेगळ्या शाईत, ‘मांजरांना विचारलं का?’

मधोमध एक चिठ्ठी मोठ्या, वळणदार, ओळ सोडून पळणाऱ्या अक्षरांत होती: ‘उंटाला पिल्लू हवं.’

ही वेल्डरकाकांच्या नातीची. वय आठ, आणि झोपेत सोडून इतर वेळी बोलत असल्यानं घरात तिला टिटवी म्हणत. उंटावर पाच वर्षांखालच्या मुलांना कोणी सोडत नसे. त्यामुळे टिटवीची धाकटी बहीण चिमी, वय दोन, रोज शिडीच्या पायाशी उभी राहून वर जाणाऱ्यांच्या चपला ओढायची. तिच्यासारख्यांसाठी एक बुटका उंट हवा, असं टिटवीचं म्हणणं होतं. ते तिनं प्रत्येक जिन्यात, प्रत्येक दारात जाऊन मांडलं.

चिमटे लावायचा दिवस आला आणि गल्लीनं एक घोळ घातला. प्रत्येकी तीन चिमट्यांनी कोणाचंच मन भरेना. शिंपीणबाई घरी गेल्या आणि आपल्या दोरीवरचे चिमटे काढून घेऊन आल्या. ते बघून समोरच्या वहिनी गेल्या. मग सगळेच गेले. तासाभरात पिल्लाची चिठ्ठी चिमट्यांनी अशी लगडली की दोरी खाली येत येत जमिनीला टेकली. तेवढ्यात वारा सुटला. गल्लीतल्या गॅलऱ्यांमध्ये चिमट्यांवाचून उरलेले सदरे, परकर, उशांचे अभ्रे एकदम उडाले आणि बागेवर उतरले. हेडमास्तरांच्या छत्रीवर कोणाचा तरी पायमोजा येऊन बसला.

“मतदान अवैध,” हेडमास्तर म्हणाले.

“मत तर कळलं ना,” नकाशाबाई म्हणाल्या. मग त्या गर्दीतून वाट काढत वेल्डरकाकांसमोर आल्या. “काका, तुमच्या उंटाला आम्ही फक्त रंग लावणार. पण पिल्लू तुम्हीच सांगायचं. उतार किती, कुबड कुठे, केवढं उंच. आमच्या इंजिनियरला विचारलं. तो म्हणाला, असलं गणित पुस्तकात नाही, ज्यानं केलंय त्यालाच विचारा.”

“आजोबांना तोंडपाठ आहे,” टिटवी म्हणाली. “आणि पहिली बसणार चिमी. मी रांगेत तिचा नंबर लावलाय.”

“रांग कुठंय?” कोणीतरी विचारलं.

“लागेल ना. ती पहिली आहे.”

सगळे हसले. वेल्डरकाकाही हसले, पण मनात हिशेब सुरू झाला. दोन वर्षांची पोर. कुबड बोटभर जास्त झालं तर तोंडावर पडेल, आणि किती म्हणजे जास्त, हे सांगणारा अख्ख्या गल्लीत एकच माणूस होता. त्याला ते माहीत नव्हतं.

“बघतो,” ते म्हणाले.

“आठ दिवसांनी वाचनालयात सभा आहे,” नकाशाबाई म्हणाल्या. “तेव्हा आकडा द्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात काम सुरू.”

पहिल्यांदा त्यांना वाटलं, उंटालाच विचारावं. भर दुपारी, बाग रिकामी असताना, ते दोरा आणि पट्टी घेऊन गेले. कुबड मोजलं, उतार मोजला, कागदावर मांडलं. आकडे मिळाले, पण ते आकडे गप्प होते. ही उंची बरोबर का, याचं उत्तर त्यात नव्हतं. मग, अंगाला काय कळतं ते बघावं म्हणून, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शिडी चढले.

गुडघे कुरकुरले, पत्र्यानं विजार तापवली, आणि कुबडावर येताच अठ्ठावन्न वर्षांचं पोट खरोखरच ढगापाशी राहिलं. खाली वाळूत हेडमास्तरांचे बूट होते.

“तपासणी का?” हेडमास्तरांनी विचारलं.

“हो. चालतोय अजून.”

“हं,” हेडमास्तर म्हणाले. “मला छत्री धरणारं कोणी नव्हतं म्हणून. नाहीतर मीही कधीचा…” आणि वाक्य तसंच सोडून निघून गेले.

जिन्याखालच्या खोलीत काकांची वेल्डिंगची जुनी मशीन होती. त्यांनी बुटकी शिडी केली, पातळ पत्रा आणला आणि काम सुरू केलं. खिडकीतून निळे लखलखाट दिसायला लागले तशी गल्ली खूश झाली. ‘काका बसले कामाला.’ शिंपीणबाईंनी तर येताजाता खिडकीशी आवाज हळू करायला सुरुवात केली, आत कोणी लिहीत बसल्यासारखा.

पिल्लाच्या परीक्षेसाठी बायकोनं जुन्या चादरीची एक बाहुली शिवली आणि तिच्यात वाळू भरली. वजनकाट्यावर चिमीला उभं केलं, मग बाहुलीला ठेवलं, ओंजळ ओंजळ वाळू घालत दोघींचं वजन सारखं केलं. वर चिमीचं टोपडंही घातलं.

“टोपडं कशाला?” काका म्हणाले.

“डोकं कुठलं ते कळायला. तुमच्या उंटाला कळायला हवं ना, कुठला भाग जपायचा.”

पहिल्या पत्र्यावर बाहुली सुटली ती कपड्यांच्या बादलीत. दुसऱ्या पत्र्याला एकाऐवजी दोन टेंगळं आली आणि बाहुली मधल्या खळग्यात आरामात बसून राहिली.

“ही उठायची नाही,” बायको म्हणाली. “जेवण इथेच वाढा.”

तिसरा पत्रा एका बाजूला कलला. चौथ्याला काकांनी सोपा हिशेब केला. मूल अर्धं, तर उंट अर्धा. चार बोटांचं कुबड दोन बोटांवर आणलं. बाहुली सुटली, कुबडावर हलकेच उचलली गेली, आणि पायांवर नाही तरी बसल्या बसल्या खाली आली. काकांनी बायकोकडे पाहिलं. परत सोडली. छान. परत. छान. परत. छान. पाचव्यांदा बाहुली कुबडावर जरा तिरकी झाली, डोक्यावर आली आणि फरशीवर आपटली. मान उसवली. टोपड्यातून वाळू सरसर वाहत राहिली.

वाळू थांबली.

बायकोनं बाहुली उचलून मांडीवर घेतली आणि सुईत दोरा ओवला. “अहो, पहिल्या उंटाच्या वेळी किती बाहुल्या फुटल्या होत्या?”

“एकही नाही.”

“मग आता का फुटतायत?”

“तेव्हा हात तरुण होता.”

“हात तरुण होता की तोंड?”

काकांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

“लग्नाआधी तुम्ही मला त्या घसरगुंडीखाली उभं करून अर्धा तास गणित सांगितलं होतं,” ती टाका घालत म्हणाली. “मला एक अक्षर कळलं नव्हतं. म्हटलं, माणूस हुशार दिसतोय.”

“आणि?”

“आणि काय. चौतीस वर्षं झाली. आता काय परत देता येतंय का?” तिनं दोरा दातानं तोडला, पण नजर त्यांच्यावरून काढली नाही. “काही सांगायचंय का मला?”

“मानेला दोन टाके जास्त घाल,” काका म्हणाले.

तिनं घातले. दोन नाही, चार.

सभेच्या दिवसापर्यंत काकांनी आणखी दोन पत्रे वाया घालवले. शेवटी एका कागदावर लिहिलं, ‘कुबड: दोन बोटं,’ आणि कागद घडी करून खिशात ठेवला. चारदा तर नीट आली होती बाहुली. पाचव्यांदाचं काय, पाचव्यांदा कोणीतरी तिरकी सोडली असेल. बायकोनंच सोडली असेल. असं त्यांनी स्वतःला जिना उतरताना सांगितलं, आणि रस्ता ओलांडताना परत सांगितलं, आणि वाचनालयाच्या पायरीवर तिसऱ्यांदा सांगायला गेले तर ते वाक्य आलंच नाही.

वाचनालयात मुलांच्या विभागातल्या बुटक्या खुर्च्या मांडल्या होत्या. गल्लीतली सगळी मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. नकाशाबाईंनी भिंतीला मोठा नकाशा लावला आणि एकेक काम वाचायला घेतलं. बाकांना पाठ, मंजूर. चढायचं झाड, कोपऱ्यातलं, मंजूर. हेडमास्तर उभे राहिले. सगळ्यांना वाटलं आता ओरडणार.

“माझी हरकत नाही,” ते म्हणाले. “मात्र उतरता येत नसेल तर मला बोलवायचं नाही.”

कुत्र्यांचं फाटक मंजूर झालं. मांजरांचं मत आलं नव्हतं. मोठी मुलं आणि छोटी मुलं यांच्यात झोपाळ्याच्या वेळा वाटून दिल्या गेल्या, आणि दोन्ही बाजूंना आपण फसलो असं वाटलं, म्हणजे वाटणी नीट झाली.

“आता पिल्लू,” नकाशाबाई म्हणाल्या.

खुर्च्या करकरल्या. टिटवी चिमीला कडेवर घेऊन पुढे आली. चिमी जवळजवळ तिच्याच उंचीची दिसत होती, पाय पोटरीपर्यंत लोंबत होते.

“माझ्या आजोबांनी,” टिटवीनं सुरुवात केली, हे भाषण तिनं पाठ केलं होतं, “अडतीस वर्षांपूर्वी, खूप डोकं लावून, खूप विचार करून, आपल्या सगळ्यांसाठी उंट केला. माझी आई त्यावर बसली. मी बसले. जगात दुसरीकडे कुठेच असा उंट नाही. कारण दुसरीकडे कुठेच असे आजोबा नाहीत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिमीनंही वाजवल्या, आणि त्या नादात टिटवीच्या कडेवरून सुटली. शिंपीणबाईंनी तिला वरच्यावर झेलली. काही झालं नाही. पोर उलट हसली. पण काका एकदम खुर्चीतून उठले होते, आणि आता उभेच होते.

“बोला काका,” नकाशाबाईंनी पेन्सिल घेतली. “आकडा.”

काकांचा हात खिशात गेला, कागदाच्या घडीला लागला. समोर ओळखीचे चेहरे होते. अर्धेअधिक त्या कुबडावरून उडालेले, कोणाचा दात तिथे हलला होता, कोणाची पहिली भीती तिथे गेली होती. दुसऱ्या रांगेत बायको, मांडीवर शिवणाची पिशवी. टिटवीची मान अशी उंच, की बघून कोणालाही वाटावं हिला अजून पंख फुटायचे आहेत. उद्या शाळेत ही मान कशी असेल, ते काकांना आत्ताच दिसलं.

“ताई,” ते म्हणाले, “मी जे सांगेन तेच करणार ना तुम्ही?”

“अगदी तेच. सूतभरही इकडेतिकडे नाही. आम्हाला कुठे कळतंय त्यातलं?”

“कोणी परत तपासणार नाही?”

“तुम्ही केलंय म्हटल्यावर काय तपासायचं, काका?”

काकांनी खिशातून हात बाहेर काढला. रिकामा.

“मग लिहू नका,” ते म्हणाले.

पेन्सिल थांबली. मागच्या रांगेत कोणी काही कुजबुजलं, त्याला कोणी गप्प केलं. काकांनी सगळ्यांकडे बघायचा प्रयत्न केला, पण ते जमेना. मग ते टिटवीसमोर एका बुटक्या खुर्चीवर बसले, म्हणजे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले.

“पत्रा जोडायचा असला ना, की आधी नुसते टाके घ्यायचे असतात,” ते म्हणाले. “एक या टोकाला, एक त्या टोकाला. मग थांबायचं. गार होऊ द्यायचं. मग पुढचे. हे मला मिस्त्रींनी शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी मिस्त्री दुपारीच घरी गेले, आणि फाटकाशी चार माणसं उभी राहून माझं काम बघत होती. मला त्यांना दाखवायचं होतं की मी कसा वरपासून खालपर्यंत, कुठेही न थांबता, एका दमात जोड देतो. दिला. पत्रा तापला आणि फुगला. मी विचार केला नव्हता, बाळा. गणित मी नंतर रचलं, तुझ्या आजीला सांगायला. मग सगळ्यांनाच सांगत गेलो. मला पिल्लू करता येत नाही, कारण मला उंटही करता आला नव्हता. तो माझ्या हातून चुकून झालाय. पिल्लू करायचंच असेल, तर आधी वाळूची बाहुली शंभरदा नीट उतरू दे, मग चिमी.”